कीटण विरघळवण्याचे वचन देणारा वॉटर फ्लॉसर

माझ्या वडिलांच्या खालच्या डाव्या दाढांवर ब्रिज, म्हणजे पडलेल्या दाताच्या जागी शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला कृत्रिम दात, आहे आणि त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. मधुमेहात हिरड्यांचे दुखणे लवकर बळावते आणि हिरड्या सुजलेल्या राहिल्या की साखरही आटोक्यात राहत नाही, हे आमच्या दंतवैद्य बाईंनी त्यांना नीट समजावले होते. ब्रिजच्या मधल्या दाताखाली अन्नकण अडकतात, तिथे ब्रश पोहोचत नाही आणि बोटे थरथरत असल्यामुळे फ्लॉसचा दोरा ओवणे वडिलांना जमत नाही. म्हणून बाईंनी दोन गोष्टी सांगितल्या: आधी स्केलिंग, म्हणजे दवाखान्यात दातांची अवजाराने सफाई, करून सगळे कीटण (दातांवर घट्ट झालेला थर) काढून घ्या, आणि मग घरी रोज वापरण्यासाठी वॉटर फ्लॉसर, म्हणजे पाण्याच्या धारेने दातांच्या फटी साफ करणारे यंत्र, घ्या. यातल्या पहिल्या गोष्टीवरच एका जाहिरातीने घाला घातला, आणि गेलेल्या पैशांपेक्षा ते नुकसान मोठे असल्यामुळे हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

वडिलांनी फोनवर वॉटर फ्लॉसरची माहिती शोधली आणि त्यानंतर त्यांना त्याच्याच जाहिराती दिसू लागल्या. त्यातल्या एका चित्रफितीत पांढरा कोट घातलेला माणूस मराठीत सांगत होता की या यंत्राच्या पाण्याने वर्षानुवर्षांचे कीटण विरघळते, पायरिया जातो, हलणारे दात घट्ट होतात आणि दवाखान्यात जाण्याची गरजच उरत नाही. ओठांची हालचाल आणि आवाज यांचा मेळ बसत नव्हता. खाली 4,999 रुपयांवर काट मारून 1,299 ही किंमत लिहिलेली होती आणि पैसे वस्तू हाती आल्यावर द्यायचे होते. वडिलांनी यंत्र मागवले आणि स्केलिंगची घेतलेली वेळ रद्द केली. सत्तरी ओलांडलेल्या, दवाखान्याच्या खुर्चीची धास्ती असलेल्या माणसाला नेमके जे ऐकायचे असते, तेच ती जाहिरात सांगत होती.

वॉटर फ्लॉसर काय करू शकतो हे इथे स्पष्ट करायला हवे. लहानशा पंपाने पाणी झटक्याझटक्याने बारीक नळीतून बाहेर फेकले जाते. चांगल्या यंत्रात मिनिटाला साधारण 1,200 ते 1,400 झटके असतात आणि त्यांच्या माऱ्याने दातांच्या फटीतले अन्नकण आणि हिरडीलगतचा मऊ थर निघून जातो. ब्रिज, इम्प्लांट किंवा दातांना तारा असलेल्यांना त्याचा खरोखर उपयोग होतो. मात्र तो मऊ थर लाळेतल्या क्षारांनी घट्ट होऊन त्याचे कीटण बनले की ते कोणत्याही घरगुती यंत्राच्या पाण्याने निघत नाही; ते दंतवैद्यानेच अवजाराने काढावे लागते. ज्या विक्रेत्याच्या जाहिरातीत कीटण विरघळवण्याचा दावा असेल, त्याच्याकडून काहीही घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे, कारण हा दावा माणसाला उपचारांपासून दूर ठेवतो. जाहिरातीत याला नवे जपानी तंत्रज्ञान म्हटले होते. प्रत्यक्षात असे पहिले यंत्र 1962 साली अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात फोर्ट कॉलिन्स इथे एका दंतवैद्याने आणि एका अभियंत्याने मिळून तयार केले.

आता आलेल्या वस्तूविषयी. खोक्यावर 140 पीएसआय (पाण्याच्या दाबाचे एकक) दाब आणि आयपीएक्स 7 हा पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा असे ठळक छापलेले होते. टाकी भरून वडिलांनी बेसिनवर वाकून यंत्र सुरू केले, तेव्हा पहिले काही क्षण धार जोरात आली आणि नंतर ती मंदावून नळाच्या थेंबथेंब पाण्यासारखी हनुवटीवरून ओघळू लागली. मऊ, मध्यम आणि जोरदार अशी तीन बटणे होती. ती दाबली की मोटरचा आवाज बदलत असे, धार तेवढीच राहत असे. टाकीच्या झाकणाचे रबर नीट बसत नसल्याने पाणी मुठीवर झिरपत होते, आणि थोड्याच काळात चार्जिंगच्या खाचेत हिरवट थर धरला. आयपीएक्स 7 म्हणजे वस्तू एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवली तरी पाणी आत जाता कामा नये. ज्या यंत्रात स्वतःच्याच टाकीतले पाणी शिरते, त्यावरचा तो शिक्का खोटाच म्हणायचा.

खोक्यावर आणखी दोन शिक्के होते. पहिला अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या मान्यतेचा. ही मान्यता विशिष्ट उत्पादनाला नावानिशी दिली जाते आणि तिची यादी त्या संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. आमच्या यंत्राचे नाव त्या यादीत नव्हते. दुसऱ्यावर ‘एफडीए मान्यताप्राप्त’ असे लिहिले होते; एफडीए म्हणजे अमेरिकेची अन्न व औषध नियामक संस्था. अमेरिकेत अशी यंत्रे सर्वांत कमी जोखमीच्या वर्गात मोडतात आणि त्यांना विक्रीपूर्व मंजुरी लागतच नाही, त्यामुळे त्या शब्दांना काहीच अर्थ उरत नाही. याउलट आपल्या कायद्याने जे छापणे बंधनकारक आहे, त्यातले काहीच खोक्यावर नव्हते. वैधमापनाच्या (वजन-मापांच्या कायद्याच्या) 2011 च्या आवेष्टित, म्हणजे पॅकबंद, वस्तू नियमांनुसार उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव आणि पत्ता, कमाल किरकोळ किंमत, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, तक्रारीसाठी संपर्क आणि आयात वस्तू असल्यास मूळ देश हे सर्व दिसले पाहिजे. खोका उलटसुलट करून पाहिला, तरी एकही पत्ता सापडला नाही.

परत करण्याचा प्रयत्न केला तेव्हा फसवणुकीचा दुसरा टप्पा सुरू झाला. व्हॉट्सॲपच्या क्रमांकावर आधी खोका उघडतानाची चित्रफीत मागण्यात आली, मग वस्तू ठेवून घ्या, दीडशे रुपये परत देतो, असे सांगण्यात आले, आणि आम्ही नकार दिल्यावर पूर्ण परताव्यासाठी एक लिंक पाठवून यूपीआयचा पिन टाकायला सांगितले. पैसे मिळण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, तो टाकला की खात्यातून पैसे जातात. वडिलांनी फोन माझ्या हाती दिला आणि आम्ही तो क्रमांक ब्लॉक केला. कोणाच्या खात्यातून अशा प्रकारे रक्कम गेलीच, तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवावे. जितका उशीर होईल, तितके पैसे अडवणे कठीण होते.

दरम्यान हिरड्यांतून रक्त येणे थांबले नव्हते. बाईंकडे गेलो तेव्हा ब्रिजला आधार देणाऱ्या एका दाताभोवती खिसा, म्हणजे हिरडी दातापासून सुटून झालेली पोकळी, झालेला आढळला आणि साध्या स्केलिंगऐवजी हिरडीखालची खोल सफाई करावी लागली. तो दात किती टिकेल याची खात्री बाईंनी दिलेली नाही.

नंतर घेतलेले यंत्र ओळखीच्या दुकानातून, चालवून पाहून आणि जीएसटीच्या पावतीसह घेतले. पाहताना पाण्याचा दाब कमीजास्त होतो का, टाकी उघडून आतून पुसता येते का आणि त्याच यंत्राच्या सुट्या नळ्या मिळतात का, यावर आम्ही भर दिला. नळी काही महिन्यांनी बदलावी लागते, आणि नळ्या मिळाल्या नाहीत तर चांगले यंत्रही निरुपयोगी ठरते. बिनतारी यंत्राची टाकी साधारण 150 ते 300 मिलिलिटरची असते आणि पूर्ण तोंडासाठी ती बहुधा दोनदा भरावी लागते. घरात जागा आणि प्लग असेल, तर मोठ्या टाकीचे, बेसिनजवळ ठेवायचे यंत्र वयस्कर माणसाला अधिक सोयीचे पडते. सुरुवात कोमट पाण्याने आणि सर्वांत कमी दाबाने करावी. ब्रश मात्र सोडायचा नाही.

ज्यांच्या घरी असा खोका आला असेल, त्यांनी तो फेकू नये. खोका, कुरिअरचे लेबल, जाहिरातीचे आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. तसे झाले नाही तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दाद मागता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क लागत नाही. विक्रेत्याचा पत्ता नसेल, तर कुरिअरच्या लेबलवर माल कोठून पाठवला त्याचा पत्ता बहुधा असतो. आमच्या तक्रारीत आम्ही तोच दिला आहे.