आईला मेमरी क्लिनिकला नेलं, ५ पैकी ४ स्टार

आई एकच गोष्ट दिवसातून चारचारदा विचारायला लागली तेव्हा धीर करून तिला मेमरी क्लिनिकला नेलं, आणि खरं सांगते, उगाच इतके दिवस टाळलं आम्ही.

आधी मोका नावाची टेस्ट असते, ३० मार्कांची, २६ किंवा जास्त आले की साधारण नॉर्मल धरतात. मॅडमनी पाच शब्द वाचून दाखवले तर आई नुसती बघत राहिली, मला वाटलं संपलं सगळं. पण मॅडम थांबल्या, म्हणाल्या "आजी, ऐकू येतंय ना नीट?" कानाचं मशीन पर्समध्ये! ते घालून परत पहिल्यापासून घेतलं, थोड्या वेळाने पाचातले तीन शब्द आठवले तिला. मग घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची होती, तर एक काटा ११ वर आणि दुसरा थेट १० वर काढला, आणि कागदाकडे बघत म्हणाली "काहीतरी चुकलंय गं हे". माझ्या पोटात तुटलं.

२३ आले. डॉक्टरांनी मात्र त्यावरून लगेच अल्झायमरचा शिक्का मारला नाही हे मला सगळ्यात आवडलं. मला वेगळं बसवून विचारलं, औषधं स्वतः घेतात का, पैशाचा हिशोब जमतो का, झोप कशी आहे, उदास असतात का. बी१२ आणि थायरॉइड तपासायला सांगितलं कारण त्यानेही विसरायला होतं आणि ते औषधाने सुधारू शकतं. वर्षाने परत टेस्ट, म्हणजे आईची तुलना आईशीच. अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साठायला लागतं ते लक्षणं दिसायच्या १५-२० वर्षं आधीपासून, मग एका दिवसाच्या मार्कांवरून काय ठरवणार!

एक स्टार कापला तो काउंटरसाठी. तिथे मलाही एपीओई जीन टेस्ट (अल्झायमरचा आनुवंशिक धोका बघणारी) करायला लावली, आणि रिपोर्ट रात्री मेलवर येऊन पडला, त्या जीनच्या ई४ या प्रकाराची एक कॉपी आहे, धोका वाढलेला, बास. समजावणारं कोणी नाही. चार रात्री झोप नाही मला. नंतर डॉक्टर म्हणाले ई४ असलं म्हणजे अल्झायमर होणारच असं नाही आणि नसलं म्हणजे होणारच नाही असंही नाही. अहो, हे रक्त घ्यायच्या आधी सांगायचं असतं ना! काउन्सेलिंगशिवाय ही टेस्ट कोणाला देऊच नये.

बाकी आईचं मशीन आता दिवसभर कानात असतं. ऐकू कमी येणं हेसुद्धा डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) धोक्यांपैकी एक आहे, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या तज्ज्ञ समितीने (लॅन्सेट कमिशनने) असे १४ धोके दिलेत ज्यांच्यावर काही करता येतं, हे मला तिथेच कळलं.

तुम्ही नेणार असाल तर चष्मा, कानाचं मशीन आणि औषधांची यादी आठवणीने न्या. आणि घरी घड्याळ काढायची प्रॅक्टिस अजिबात करून घेऊ नका, मग टेस्टला काही अर्थच उरत नाही.