रोपं द्यायला नकार देणारी नर्सरी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटी रोडला गावातल्या बायकांच्या बचत गटाची एक रोपवाटिका आहे. पाटी नाही. हिरवी शेडनेट आणि फणसाखाली मोडकी खुर्ची दिसली की गाडी थांबवायची.

दोन वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात मंडळातर्फे आम्ही तिघं पिकअप घेऊन गेलो. २०० रोपं फोनवर सांगून ठेवलेली, १५ रुपयांप्रमाणे ३,००० रुपये आधीच पोचते केलेले. ‘एक गाव, २०० झाडं’ असा बॅनरही छापून झाला होता.

“कुठं लावूलासा?” मावशींनी विचारलं.

“आमच्या माळावर. मोकळाच पडलाय.”

“गवात हाय न्हवं तिथं? टिटवी वरडती?”

वरडती म्हणजे काय, रात्री-अपरात्री झोप मोडते.

“मग मोकळा कसा?”

यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. मावशी म्हणाल्या, झाड वाढलं की सावलीत गवात मरतंय, फांदीवर कावळा येऊन बसतोय आणि जमिनीवरची अंडी त्याला वरनं दिसत्यात. टिटवी काय, चंडोल काय, घरटं भुईवरच करतात. नाल्याकडेला लावा म्हणत ४० रोपं मोजून दिली: जांभूळ, उंबर, करंज. उरलेले २,४०० रुपये तिथल्या तिथं हातावर ठेवले. धंदा करणाऱ्या माणसानं आलेले पैसे परत दिलेले मी तरी पहिल्यांदाच बघितले.

अध्यक्ष वाटभर तणतणत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी माळावर गेलो. जेसीबीनं खड्डे काढायचे म्हणून फक्कीच्या खुणा केल्या होत्या. त्यातल्या एका खुणेपासून हातभर अंतरावर चार अंडी होती, मातीच्या रंगाची, ठिपक्यांची. डोक्यावर टिटवी नुसता आकांत करत होती. जेसीबीवाल्याला फोन करून नको सांगितलं.

आता रोपांविषयी. ४० पैकी ३१ जगलीत, पाणी फक्त पहिल्या उन्हाळ्यात घातलं. त्याआधी शहरातल्या एका नर्सरीतून बहावा म्हणून आणलेली झाडं चौथ्या वर्षी गुलाबी फुलली होती, तसला प्रकार इथं नाही. बी बांधावरचं आणि देवळामागच्या राईतलं. भीमगडातून आणता का, असं विचारलं तर मावशी रागावल्या. ते २०११ पासून अभयारण्य आहे, १९० चौरस किलोमीटर, तिथलं काही उचलायचं नसतं, हे त्यांनी मलाच ऐकवलं.

घरासाठी सापसंदाचा एक वेल आणला. सदर्न बर्डविंगच्या अळ्या याच जातीच्या वेलींवर वाढतात. ते कर्नाटकाचं राज्य फुलपाखरू, महाराष्ट्राचं ब्लू मॉरमॉन. आमच्या भागात माणसांचा वाद मिटेना, फुलपाखरं मात्र दोन्हीकडची उडतात. वेलाची पानं अळ्यांनी फस्त केली तेव्हा आई औषधाचा पंप घेऊन निघाली होती, तिला कसंबसं थांबवलं. शेवटी बर्डविंग नाहीच आलं, त्याच्या भावकीतलं लाल अंगाचं छोटं कॉमन रोझ निघालं. तेही काही वाईट नाही. आई आता पाहुण्यांना दाखवते.

तक्रारी आहेत. रेंज नाही, त्यामुळे फोन पे चालत नाही, रोख न्या. बिल मिळत नाही. नावाच्या चिठ्ठ्या पावसात पुसतात. माझा हिरडा हिरडाच आहे की बेहडा, याचा निकाल अजून लागायचाय. पावसात गाडी आत घालू नका, आम्हाला ढकलून काढावी लागली. आणि गुलमोहर किंवा आकेशिया असली परदेशी झाडं मागू नका, नुसती बोलणी खाल.

पाचपैकी साडेचार. अर्धा चिखलाचा कापला.

बॅनर वाया गेला नाही. दिवाळीनंतर त्याच माळावरचं गवत कापून आणलं, त्या गंजीवर तो अंथरलाय. ‘२०० झाडं’ एवढंच रस्त्यावरून वाचता येतं.