व्हॅक्यूम गेज: जुन्या वॅगन-आरच्या थरथरीचा माग काढणारा स्वस्त काटा

आमची वॅगन-आर 2005 ची, 1061 सीसीवाली. वर्धा रोडला अजूनही मक्खन पळते, पण व्हरायटी चौकात सिग्नलला उभी राहिली की स्टिअरिंगसकट थरथरायची. एसी लावला की जास्तच. एका मिस्त्रीनं प्लग बदलले. दुसऱ्यानं थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) धुतली आणि फरक पडेना तेव्हा म्हणाला, "काकाजी, स्लो वाढवून देतो नं, थरथर जाते." स्लो म्हणजे उभ्या गाडीतली इंजिनाची गती. ती वाढवली की थरथर दबते, पण पेट्रोल जळते त्याचं काय? आणखी एकजण थेट ती गती सांभाळणारा आयडल कंट्रोल वॉल्वच बदला म्हणत होता. मोबाईलला जोडायचे ओबीडी (गाडीची स्वतःची बिघाड ओळखायची यंत्रणा) डोंगल या वयाच्या गाड्यांना सहसा उपयोगाचे नाहीत. आपल्याकडे ओबीडी सक्तीचं झालं तेच 2010 पासून.

माझी नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात, इन्स्ट्रुमेंटेशनला गेली. तिथं वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरचा व्हॅक्यूम जरा पडला की धावपळ सुरू. आणि इकडे इंजिनाचा व्हॅक्यूम, म्हणजे हवा आत ओढायची ताकद, कोणी बघतच नाही! म्हणून ऑनलाइन हा गेज मागवला, हजार-बाराशेचा. डब्यावर कंपनीचं नाव नाही. काच प्लास्टिकची, नळी कडक, आणि काटा शून्याच्या अर्धा इंच (व्हॅक्यूम पाऱ्याच्या इंचात मोजतात) खाली बसलेला. तेवढं बेरजेत धरून चालायचं. सोबतचे ॲडाप्टर भलत्याच मापाचे, एकही बसला नाही. शेवटी माशांच्या टाकीच्या दुकानातून प्लास्टिकचा टी आणला आणि मॅनिफोल्डवरच्या (सिलिंडरांना हवा वाटणारा पाइप) एका बारीक नळीत जोडला. गेजच्या नळीवर बारीक वॉल्व आहे, तो काट्याची फडफड दाबतो. पूर्ण आवळू नका, कारण फडफड हीच तर बघायची असते.

डायलवर हिरवा पट्टा 17 ते 21 इंच. हा समुद्रसपाटीचा हिशेब. नागपूर साधारण 310 मीटरवर, म्हणजे इथं अंदाजे एक इंच कमीच दिसणार, घाबरू नका. आमचा काटा गरम इंजिनावर पंधराच्या आसपास, तोही कापत. काटा ठरावीक तालात खाली झटके मारत असता तर मी इंजिनाच्या वॉल्वकडे संशयानं पाहिलं असतं. हा नुसता खाली कापत होता, म्हणजे कुठून तरी बाहेरची हवा घुसत असणार.

लीक आहे एवढं गेज सांगतो, कुठं आहे ते तुम्हीच हुडका. ब्रेक बूस्टरचा पाइप पकडीत कापड घालून दाबला. काटा हलला नाही. पीसीव्हीची (इंजिनातली वाफ परत आत ओढणारी) नळी दाबली, तेच. कोराडीला आम्ही फ्लँजजवळ मेणबत्ती फिरवायचो, ज्योत आत ओढली गेली की तिथं चोर. गाडीत हा उद्योग चुकूनही करू नका, पेट्रोल आहे. कार्ब क्लीनरचा फवारा बरेचजण वापरतात, पण तोही पेटतो, त्यामुळे गरम मॅनिफोल्डवर मला नको वाटला. मी मेडिकलमधून सिरिंज आणली आणि साध्या पाण्याचे थेंब एकेका सांध्यावर सोडत गेलो, कॉइल आणि वायरी वाचवून. चौथ्या इंजेक्टरच्या बुडाशी पाणी पडलं आणि काटा सतराच्या वर जाऊन थांबला. इंजिन शांत! पाणी ओढलं गेलं की थरथर पुन्हा सुरू.

इंजेक्टर बसतो तिथली रबर रिंग बांगडीसारखी कडक झालेली निघाली. दरवर्षी 45 डिग्रीचा उन्हाळा खाल्लेलं रबर, दुसरं काय होणार? मिस्त्री चुकले ते का, तेही कळलं. या गाडीत हवेचा हिशेब मॅप सेन्सर (दाब मोजणारा) मॅनिफोल्डच्या दाबावरून करतो. बाहेरून घुसलेली हवाही त्याच्या हिशेबात येते आणि त्यापोटी वाढलेलं पेट्रोल चारही सिलिंडरना वाटलं जातं. हवा मात्र एकाच्याच तोंडाशी शिरते. तो एक उपाशी, बाकीचे तृप्त. आयडल वॉल्वला यात काय करता येणार?

चारही इंजेक्टरच्या रिंगा बदलल्या, घाट रोडच्या दुकानातून आणून. इंजेक्टर काढण्याआधी फ्युएल लाइनचं प्रेशर सोडा आणि बॅटरीची वायर काढा. हात बसलेला नसेल तर हे काम मिस्त्रीलाच द्या. आता काटा अठरावर, स्थिर.

पाचपैकी साडेतीन स्टार. अर्धा ॲडाप्टरांसाठी कापला, एक त्या शून्यासाठी. जुन्या 800 किंवा आल्टोवाल्यांनी आधी इंजिन माउंट बघावेत. तीन सिलिंडरचं इंजिन मुळातच थोडं हलतं, त्यासाठी गेज घेऊ नका. आमच्या शेजारच्या भाऊंनी त्यांच्या डिझेल इंडिकासाठी मागितला होता. नाही म्हटलं. त्या इंजिनात थ्रॉटलच नाही, ब्रेकसाठीचा व्हॅक्यूम अल्टरनेटरवरचा पंप बनवतो. काटा छान हिरव्यात दिसेल, पण ती तब्येत पंपाची.