जुन्या इनबोर्ड इंजिनाचा धूर : एका हंगामाच्या वापरानंतरचा अनुभव

हर्णै बंदरातील एक जुनी नौका मी गेल्या वर्षी तिच्या आत बसवलेल्या (इनबोर्ड) सहा सिलिंडरच्या डिझेल इंजिनासह विकत घेतली. १ ऑगस्टला मासेमारीबंदी उठल्यापासून आजपर्यंत, म्हणजे सुमारे आठ महिने, ती जवळपास रोज समुद्रात जात आहे. इंजिन वीस वर्षांहून अधिक जुने असून पहिले दोन महिने केबिनवरच्या धुराड्यातून इतका काळा धूर निघत असे की मागे वाळत घातलेल्या जाळ्यांवर काजळी बसे.

धूर काळा म्हटला की बंदरावरचा प्रत्येक जण सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलकडे आणि ते दाबाने पुरवणाऱ्या पंपाकडे बोट दाखवतो, आणि मीही तेच ऐकले. इंजिन चालू ठेवून नोझलांकडे जाणाऱ्या डिझेल-पाइपांचे नट एकेक करून सैल करून पाहिले, तेव्हा चौथ्या सिलिंडरचा नट सैल केल्यावर इंजिनाच्या आवाजात काहीच फरक पडला नाही, म्हणजे ते सिलिंडर काम करीत नव्हते. (हे करताना हात दूर ठेवावा, त्या दाबाने उडालेले डिझेल कातडीच्या आत शिरते.) नोझल तपासणीयंत्रावर लावले, तर पुस्तिकेत सांगितलेल्या २०० बारऐवजी ते १६० वरच उघडत होते आणि फवारा मारण्याऐवजी थेंब गाळत होते. सहाही नोझल दुरुस्त करून घेतली आणि मिस्त्रीच्या हाताच्या अंदाजावर न विसंबता फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावून टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, जुळवले. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर येणारा, डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर त्यामुळे थांबला. पण ओझ्याखाली येणारा काळा धूर फारसा कमी झाला नाही.

खरे कारण सापडले ते फेरे मोजल्यावर, आणि ही मोजणी मी सर्वांत आधी करायला हवी होती. इंजिनाची नेमलेली गती मिनिटाला २,००० फेऱ्यांची आहे. गीअर न टाकता ते तिथवर सहज जाई. पण पुढे जाण्याच्या गीअरमध्ये पूर्ण थ्रॉटल दिला तरी १,६५० च्या पुढे सरकत नसे. गती घटली की पंप थ्रॉटलच्या मागणीप्रमाणे डिझेल वाढवत राहतो, मात्र हवा तेवढी मिळत नाही, म्हणून न जळलेला कार्बन बाहेर पडतो. बुडावर शेवाळ आणि कवचाचे जीव जाड थराने चिकटलेले होते. नौका आंजर्ल्याच्या खाडीत ओढून ते खरवडल्यावर फेरे १,७६० वर आले. उरलेला दोष पंख्याचा (पाण्यातल्या प्रोपेलरचा) निघाला. आधीच्या मालकाने अधिक वेगाच्या हौसेपोटी त्याला जास्त पिच, म्हणजे पात्यांना जास्त तिरकेपणा, दिला होता. दोन इंच पिच कमी करून घेतल्यावर फेरे १,९१० झाले, आणि काळा धूर उरला तो फक्त थ्रॉटल एकदम दाबल्यावर क्षणभर दिसणारा.

इंजिनखोलीची झाकणे पूर्ण बंद ठेवली की धूर पुन्हा थोडा वाढतो, कारण आत पुरेशी हवा पोहोचत नाही. मी आता एका बाजूला जाळीदार खिडकी पाडून घेतली आहे. पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवल्यास आतल्या भिंतींवर दव धरते आणि ते पाणी डिझेलमध्ये उतरते, हे मला पहिल्याच फिल्टरमधल्या चिकट गाळावरून कळले. म्हणून यंदा बंदीच्या दोन महिन्यांसाठी टाकी काठोकाठ भरून ठेवणार आहे.

टाकीत पट्टी बुडवून मोजल्याप्रमाणे तासाला १७ लिटर लागणारे डिझेल आता त्याच वेगाला साधारण १४ लिटर लागते. नव्या इंजिनाचा खर्च टाळल्याचा मला पश्चात्ताप नाही, मात्र इंजिन निर्दोष झाले आहे असे मी म्हणणार नाही. बराच वेळ संथ गतीवर ठेवून मग थ्रॉटल वाढवला की निळसर धूर येतो, आणि दहा तासांना सुमारे अर्धा लिटर ऑइल घालावे लागते. माझ्या अंदाजाने पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या आहेत. १ जूनला नौका वर ओढली की इंजिनाचे हेड (वरचे झाकण) उतरवून लायनरची, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीची, झीज मोजणार आहे. तोपर्यंत ऑइलचा एक डबा जास्तीचा सोबत ठेवतो.