असायक्लोव्हिर 800: पाच महिन्यांनंतरचा अनुभव

परवा खण आवरताना नागिणीसाठी घेतलेल्या असायक्लोव्हिर 800 मिलिग्रॅम या गोळ्यांची अर्धवट स्ट्रिप हाती लागली. आत सहा गोळ्या. सात दिवसांच्या 35 गोळ्यांपैकी दोन-चार चुकल्या असतील असं मी धरून चालले होते, निघाल्या सहा. फार वाईट वाटलं, म्हणून लिहायला बसले.

नागीण डाव्या बरगडीखाली उठली होती. डॉक्टरांनी दोन पर्याय सांगितले: असायक्लोव्हिर दिवसातून पाच वेळा, नाहीतर व्हॅलासायक्लोव्हिर तीन वेळा. पहिली स्वस्त, म्हणून मी तीच घेतली. माझी तक्रार त्या 'पाच वेळा'बद्दलच आहे. सकाळी 7, 11, दुपारी 3, संध्याकाळी 7, रात्री 11. गोळी मोठी, घशात अडकल्यासारखी वाटायची. दुपारची तीनची तर कामाच्या गडबडीत हमखास राहायची. रात्री आधीच आग होऊन झोप नाही, त्यात डोळा लागला की अकराचा गजर.

इतक्या वेळा का, ते नंतर समजलं. तोंडावाटे घेतलेल्या असायक्लोव्हिरचा जेमतेम 10 ते 20 टक्के भाग रक्तात पोचतो आणि तोही काही तासांत लघवीवाटे निघून जातो. व्हॅलासायक्लोव्हिर म्हणजे त्याच औषधाला व्हॅलिन हे अमिनो आम्ल जोडलेलं. शरीरात गेल्यावर त्याचं असायक्लोव्हिरच होतं, पण रक्तात निम्म्याहून जास्त उतरतं. हे आधी माहीत असतं तर मी पैशांकडे पाहिलं नसतं.

दोन महिने मी सगळ्यांना सांगत होते की गोळीचा काही उपयोग झाला नाही. खपल्या पडून गेल्या तरी कपडा घासला की चटका बसायचा. ते मत आता मागे घेते. हे औषध विषाणूची वाढ रोखतं. मज्जातंतूला आधीच झालेली इजा भरून काढत नाही, आणि मागे राहणारं दुखणं टळेलच याची खात्रीही देत नाही. पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू केलं तर सर्वांत चांगलं. मी मात्र घामोळं समजून पावडर लावत बसले आणि चौथ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले. त्यात या सहा गोळ्या. दोष औषधाचा कसा म्हणू? नवे फोड यायचे तर गोळ्या सुरू केल्यावर तीन दिवसांत थांबले होते.

बाकी त्रास म्हणाल तर थोडी मळमळ, एवढाच. पाणी भरपूर प्या. हे औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, डोस कमी करावा लागतो. आणि पुरळ डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर असेल तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

दुखण्यासाठी रात्रीची प्रेगाबालिन अजून चालू आहे. पैसे घातलेत, पुढच्या वेळी होतील, म्हणून त्या सहा गोळ्या ठेवून द्याव्यात असं क्षणभर मनात आलं. पण सहा गोळ्या म्हणजे सव्वा दिवसाचा डोस. मोडीत काढल्या.