पाळीच्या दुखण्यावरचा तो पांढरा डबा

मे महिन्यात शृंगारतळीला एका हॉलमध्ये ‘मोफत नाडी व संपूर्ण शरीर तपासणी शिबिर’ लागलं होतं. तिथून मी पाळीच्या दुखण्यावरचं औषध म्हणून एक पूड आणली. चार महिने ती खाल्ली, ३४,५०० रुपये दिले आणि ऐन गणपतीत चिपळूणच्या दवाखान्यात रक्त चढवून घ्यायची वेळ आली. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. पाळीबद्दल असं उघड लिहायची आम्हाला सवय नाही. पण ती माणसं अजून गावोगाव शिबिरं लावत फिरतायत.

माझं दुखणं चौदाव्या वर्षापासूनचं. पहिल्या दिवशी पहाटेच कळा सुरू व्हायच्या. ओटीपोटात पिळा पडायचा, तो कमरेतून मांड्यांत उतरायचा, उलट्या व्हायच्या, हातपाय गार पडायचे. शौचाला बसलं की आतून सुरी फिरल्यासारखं व्हायचं, पण हे मी कुणाला कधी बोलले नाही. आजी वीट तापवून फडक्यात गुंडाळून द्यायची, ओव्याचं पाणी पाजायची. शेकाने खरंच थोडं बरं वाटायचं. बाकी सगळ्यांचं एकच म्हणणं, लग्न झालं की थांबेल. लग्न झालं, थांबलं नाही. मग म्हणाले, मूल झालं की थांबेल. मूलही होत नव्हतं.

मी पतपेढीत कॅशवर बसते. त्या दोन दिवसांत पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून नोटा मोजायचे, आणि फारच झालं तर ‘पित्त झालंय’ म्हणून रजा घ्यायचे. वर्षानुवर्षं रजेच्या अर्जावर पित्तच लिहिलंय मी.

शिबिराची बातमी सासूबाईंनी आणली. त्या म्हणाल्या, “बाय, तुझे हाल बघवत नायत गो. एकदा जाऊन तर येऊ.” त्यांच्या मनात खोट नव्हती, हे मला पहिल्यांदा सांगायचंय.

हॉलच्या दारात टेबल टाकून एक मुलगी बसली होती. तिने नाव, वय, उंची, वजन लिहून घेतलं आणि अगदी आपुलकीने विचारलं, “ताई, त्रास काय होतो?” मी हळू आवाजात सांगितलं. आत पांढरा कोट घातलेला माणूस लॅपटॉप घेऊन बसलेला. त्याने माझ्या हातात एक धातूची दांडी दिली, मिनिटभर घट्ट धरायला सांगितली. स्क्रीनवर रंगीत रेघा हलल्या आणि प्रिंटरमधून ३८ पानं बाहेर आली. माझ्याकडे न बघताच तो म्हणाला, “पाळीत फार दुखतं. उलट्या होतात. मूल राहत नाही.” मी सासूबाईंकडे बघितलं, त्यांनी हात जोडले. दारातल्या मुलीला हे सगळं मीच सांगितलं होतं, हे त्या क्षणी डोक्यातही आलं नाही.

रिपोर्टात ‘गर्भाशयाला सूज, रक्तात विषारी घटक, अंडाशय कमजोर’ असं होतं. तीन महिन्यांचा कोर्स १८,००० रुपयांचा, शंभर टक्के आयुर्वेदिक. वर म्हणाला, “पुढच्या गणपतीत घरात पाळणा हलेल.” काजूच्या बियांचे आलेले पैसे सासूबाईंनी घरातल्या डब्यात ठेवले होते. त्यातून दहा हजार गेले, उरलेले मी मोबाईलवरून स्कॅन करून दिले. खात्यावर कंपनीचं नाव नव्हतं, कुणा बाईचं नाव आलं. पावती मागितली तर “शिबिरात सवलतीचा दर आहे, पावती केली तर टॅक्स लागेल” म्हणाला. रोज लोकांच्या सह्या ताडून बघणारी मी, गप्प बसले. दुखणं थांबेल म्हटलं की माणूस असं गप्प बसतं.

आणि दुखणं थांबलं. हेच कळायला हवं सगळ्यांना, म्हणून थोडं थांबून सांगते. औषधाने गुण आला नसता तर मी महिन्याभरात डबा फेकून दिला असता. जूनमध्ये पाळी आली कधी, गेली कधी, कळलं नाही. सोळा वर्षांत पहिल्यांदा मी त्या दिवशी उभी राहून स्वयंपाक केला, कामावर गेले, बाहेर पाऊस कोसळत होता आणि मी परत येताना एसटीत रडले. ऑफिसातल्या दोघींना नंबर दिला. त्यातल्या एकीने डबा मागवलाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

कोर्सच्या दुसऱ्या टप्प्याला त्यांनी १६,५०० घेतले, ‘मूळ बसवण्यासाठी’. तोवर माझा चेहरा गोल झाला होता. लोक म्हणायचे, तब्येत छान सुधारली. भूक सारखी लागायची. मग छातीत जळजळ सुरू झाली, आणि ऑगस्टमध्ये शौचाला डांबरासारखं काळं व्हायला लागलं. फोन केला तर, “शरीरातलं विष बाहेर पडतंय, डोस चुकवू नका.” काही दिवसांनी तो नंबर बंद झाला, डबाही संपत आला होता. पूड थांबली आणि तीन-चार दिवसांत माझ्यातला जीवच गेल्यासारखं झालं. घर चाकरमान्यांनी भरलेलं, मोदकांची उकड काढताना मी चुलीपाशी कोसळले.

चिपळूणच्या डॉक्टर मॅडमनी हिमोग्लोबिन बघितलं, ७.२. चालू औषधं कोणती विचारलं तर मी म्हणाले, “काही नाही, आयुर्वेदिक पूड घेते फक्त.” त्यांनी डबा मागवून घेतला आणि हातात धरून फिरवत राहिल्या. पांढरा प्लास्टिकचा डबा, वर पेनाने माझं नाव आणि ‘दोन वेळा’. उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, घटकांची यादी, तारीख, काही म्हणजे काही नाही. त्या म्हणाल्या, आयुर्वेदिक औषधाच्या लेबलवरही हे सगळं कायद्याने लागतं. प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय डब्यात काय आहे ते सांगता येणार नाही. पण अशा पुडीत वेदनाशामक गोळ्या आणि स्टेरॉइड कुटून घातलेलं सापडतं, आणि माझा गोल चेहरा, जठरातला व्रण, त्यातून रक्त गेल्याने होणारी काळी शौच, पूड थांबताच आलेला गळाठा या सगळ्याचा मेळ त्याच्याशी बसत होता. सकाळच्या रक्तात कॉर्टिसोल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, कमी निघालं. बाहेरून बरेच दिवस स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, म्हणून ते एकदम तोडणं धोक्याचं असतं. कुणाच्या घरी असा डबा चालू असेल तर घाबरून स्वतःच बंद करू नका. डब्यासकट डॉक्टरकडे जा.

त्या दिवशी मॅडमनी कागदावर गर्भाशयाचं चित्र काढून दाखवलं. पाळीत आतल्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ सुटतात, त्याने गर्भाशयाचे स्नायू आवळतात, त्या कळा. मेफेनॅमिक ॲसिड, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या तेच पदार्थ कमी करतात. म्हणून त्या कळा अगदी सुरू होताच घ्यायच्या, भरल्या पोटी, डॉक्टरने सांगितलेल्या मापात आणि दोन-तीन दिवसच. दुखणं टोकाला गेल्यावर घेतल्या की तेवढा गुण येत नाही. ज्यांना अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास किंवा दमा आहे त्यांनी विचारल्याशिवाय घ्यायच्याच नाहीत. त्या पुडीत अशाच गोळ्या असतील तर मी त्या चार महिने रोज, माप न कळता, उपाशीपोटी खात होते. स्वस्तातली साधी गोळी मला कुणी नीट समजावून दिली असती तर!

सोनोग्राफीत डाव्या अंडाशयावर चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ, निघाली. आजाराचं नाव एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर, अंडाशयावर, आतड्यापाशी वाढतो, आणि पाळीत त्यालाही सूज येते. शौचाच्या वेळी दुखतं का, असं मॅडमनी आपणहून विचारलं तेव्हा मला हुंदका आला. हा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता. सोनोग्राफीत सगळ्यांचं दिसतंच असं नाही, काहींना दुर्बिणीतून बघावं लागतं. सध्या मला डायनोजेस्ट या हार्मोनची २ मिलिग्रॅमची गोळी रोज आहे. पाळी जवळपास बंद आहे, दुखणं खूप कमी झालंय. पोटातला व्रण भरेपर्यंत बाकी दुखण्याला पॅरासिटामॉल आणि गरम पाण्याची पिशवी. मुलासाठी पुढे वेगळे उपचार ठरवायचेत.

घरी आल्यावर शेजारच्या काकी बघायला आल्या. त्याही त्याच शिबिराला गेल्या होत्या, गुडघ्यांसाठी. मी माझी ३८ पानं काढली, त्यांनी त्यांची आणली. पडवीत बसून आम्ही पानाला पान लावून वाचत गेलो. वाक्यंच्या वाक्यं तीच. सतराव्या पानावर त्यांच्याही रिपोर्टात ‘गर्भाशयाला सूज’. काकी गप्प झाल्या. मग पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, “माझी पिशवी काढून नऊ वर्षां झाली गो.”

म्हणजे त्या मशीनला नाव-वय-वजन दिलं की ते छापील पानं काढतं, दांडी कुणी का धरेना. काकींना हे मे महिन्यातच कळलं होतं. पिशवी काढल्याचं गावात सांगायला नको म्हणून त्या बोलल्या नाहीत, आणि पाळीचं दुखतं हे सांगायला नको म्हणून मी माझा कागद कुणाला दाखवला नाही. शिबिरात साठेक बायका असतील. दोन कागद शेजारी ठेवले असते तर दुपारीच सगळं उघडं पडलं असतं.

मी आयुर्वेदाच्या विरोधात लिहीत नाहीये. आमच्या आरोग्य केंद्रातले डॉक्टर बीएएमएसच आहेत, आणि डबा बघून सर्वांत जास्त चिडले ते तेच. त्यांनीच सांगितलं की आयुर्वेदाच्या वैद्यांची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते, नोंदणी क्रमांक विचारायचा आपल्याला हक्क आहे. आणि १९५४ चा औषधे व जादुई उपाय कायदा आहे, त्यात पाळीचे विकार बरे करण्याच्या औषधाची जाहिरात करायलाच बंदी आहे. शिबिराच्या बॅनरवर ते मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं, मुख्य रस्त्यावर.

पोलीस ठाण्यात अर्ज दिलाय, अन्न व औषध प्रशासनाकडे डब्यात उरलेली पूड दिलीय. मोबाईलवरून पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करायचा असतो. मी चार महिन्यांनी केला, तोवर खात्यात काही उरलं नव्हतं. ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५. पावती नाही, पण स्कॅनच्या व्यवहारांचे क्रमांक बँकेच्या उताऱ्यावर आहेत, ते जोडले. डबा मागवलेल्या मैत्रिणीला तिच्या डब्यासकट मॅडमकडे घेऊन गेले, तिचे डोस आता कमी करत आणतायत.

सासूबाईंना डब्यात काय असावं हे सांगितलं तेव्हा त्या रात्रभर झोपल्या नाहीत. सकाळी म्हणाल्या, “मी नेलं तुला.” मी म्हटलं, आई, तुम्ही एकट्याच तर होतात माझं दुखणं खरं मानणाऱ्या.

अर्जाला पुरावा म्हणून काकींनी त्यांचा रिपोर्ट दिला, सोबत त्यांच्या ऑपरेशनचा जुना कागद. पोलीस ठाण्यात त्या स्वतः आल्या आणि तिथल्या लेडी कॉन्स्टेबलला, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, सतरावं पान वाचून दाखवलं.