झिजलेला धातू: हाताने रंगवावा की फोटो-टेक्सचर चढवावं?

डिजिटल चित्रात झिजलेला धातू दाखवायचाय आणि घाई असेल, तर फोटो-टेक्सचर, म्हणजे खऱ्या पृष्ठभागाचा फोटो चित्रावर चढवणं. गंजलेल्या पत्र्याचा फोटो घ्या, त्याचा लेयर (चित्रावरचा वेगळा थर) ‘ओव्हरले’ किंवा ‘सॉफ्ट लाइट’ या खालच्या रंगात मिसळणाऱ्या मोडवर टाका, पाच मिनिटांत पृष्ठभाग खडबडीत दिसू लागतो. सपाट भिंत, लांबची टाकी, मागचं दार यांना एवढं पुरतं. पण शिरस्त्राणासारख्या गोल वस्तूवर तेच टेक्सचर ‘वार्प’ न करता, म्हणजे आकाराप्रमाणे न वाकवता, टाकलं की स्टिकर चिकटवल्यागत दिसतं. शिवाय फोटोतली सावली एकीकडे आणि तुमच्या चित्रातला उजेड दुसरीकडे, ही भानगड असतेच.

हाताने रंगवायला वेळ लागतो, पण झीज कुठे होणार हे तुम्ही ठरवता. तलवारीच्या मुठीवर हात लागतो तो भाग चकचकीत होतो, खोबणीत मळ साचतो, पाणी थांबतं तिथे गंज धरतो. ओरखडाच घ्या: उजेड वरून येत असेल तर आधी गडद बारीक रेघ, आणि तिच्या खालच्या काठाला लागून तितकीच बारीक उजळ रेघ. एवढ्यानेच खोली येते. पितळेची चमक पिवळसर ठेवायची, पांढरीफटक नाही. गंजावर तर झळाळी जवळपास नकोच. तो धातूसारखा चमकत नाही. सगळीकडे सारखे ओरखडे मारणारे ब्रश मला तरी खोटेच वाटतात.

मुख्य वस्तू असेल तर मी हातानेच रंगवेन. फोटो फार तर शेवटी, २० टक्के ओपॅसिटीवर (म्हणजे बराचसा पारदर्शक), तोही मास्क लावून, म्हणजे हवा तिथेच दिसेल असा.